नाव नको, नंबर लिहा

सुलतान बाजारात घासाघीस कशी करायची, हे कोठीत वाढलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. दुकानदार आठशे म्हणाला की आपण चारशे म्हणायचं, तो हसतो, आपण दोन पावलं पुढे जायचं, तो मागून हाक मारतो. आईचं नाही तर मावशीचं बोट धरून हे आपण सगळेच शिकलो. भाव खाली आणणं हा आपला हातखंडा. आता याच माणसांना एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये बोलावून सांगा, की आज भाव वर न्यायचा आहे आणि तोही तोंडातून अक्षर न काढता. काय होतं ते मी दोनदा पाहिलं आहे. पहिल्या वर्षी फजिती झाली, दुसऱ्या वर्षी जमलं. आपल्या मंडळातली बरीच तरुण कुटुंबं आता मुलांच्या शाळेसाठी, नाही तर स्वतःच्या जुन्या शाळेसाठी काहीतरी करावं म्हणतात. त्यांना दोन्ही वर्षांची हकिगत उपयोगी पडेल.

शाळा कोठीच्याच परिसरातली, जुनी. नाव सांगत नाही, कारण पुढे फजितीचा भाग आहे, आणि ती फजिती शाळेची नव्हे, आम्हा माजी विद्यार्थ्यांची होती. वाचनालयाची दोन कपाटं वाळवीने खाल्ली होती. पुस्तकं वाचवायची, नवी कपाटं घ्यायची आणि मुलांना पुस्तकं हातात देणारं एक माणूस अर्ध्या वेळेसाठी ठेवायचं, एवढंच काम. कपाटं एकदा घेऊन होतात, माणसाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून एकदाच वर्गणी काढून भागणार नव्हतं. दर वर्षी लोकांना आनंदाने यावंसं वाटेल असं काहीतरी हवं होतं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अमेरिकेतल्या एका मैत्रिणीने सुचवलं, ‘सायलेंट ऑक्शन करा. इथे मुलांच्या शाळेत सर्रास करतात.’

मूक लिलाव म्हणजे काय, तर वस्तू टेबलांवर मांडायच्या. प्रत्येक वस्तूपुढे एक कागद. त्यावर वर वस्तूचं नाव, कुणी दिली ते, पहिली किंमत, आणि प्रत्येक बोली निदान किती रुपयांनी वाढली पाहिजे तो आकडा. खाली रिकाम्या ओळी. ज्याला वस्तू हवी त्याने आधीच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा लिहायचा. ठरलेल्या वेळी कागद उचलले जातात आणि शेवटच्या ओळीत ज्याचा आकडा, त्याची वस्तू. हातोडा नाही, ‘एकवार, दोनवार, तीनवार’ नाही. लोक गप्पा मारत फिरतात, खातात, मध्येच जाऊन आपला कागद बघून येतात. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हर्राशी माहीत आहे. ही हर्राशीच, फक्त ओरडणारा माणूस वजा केलेली.

पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं पुस्तकात सांगावं तसं केलं. चोवीस वस्तू होत्या. त्यातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे आमच्या चित्रकलेच्या सरांनी काढलेलं शाळेच्या जिन्याचं जलरंगातलं चित्र. दुपारचं ऊन जिन्याच्या कठड्यातून पायऱ्यांवर पडतं ना, ते. तो जिना चढलेला प्रत्येक माणूस त्या चित्रापुढे दोन मिनिटं थांबत होता. पहिली किंमत एक हजार ठेवली होती. पाहुण्यांत आमचे निवृत्त मुख्याध्यापक सगळ्यात आधी आले. त्यांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि पहिल्या ओळीत आपलं पूर्ण नाव लिहून पुढे ‘रु. १०००’ असा आकडा टाकला.

तो कागद रात्री साडेआठला तसाच उचलला गेला. त्या एका ओळीखाली कुणी काही लिहिलंच नाही. लिहिणार कोण? सरांनी ज्यांना गणित शिकवलं, ज्यांचे कान पिरगळले, ज्यांच्या फीची मुदत कार्यालयात जाऊन स्वतः वाढवून घेतली, ती सगळी माणसं त्या हॉलमध्ये होती. प्रत्येक जण कागदापाशी गेला, नाव वाचलं आणि मागे फिरला. सरांच्या हातातून चित्र काढून घ्यायचं? छे. मीही त्यातलाच. माझ्या मनात पाच हजार होते.

चित्र सरांना मिळालं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, तर सर चिडले. म्हणाले, “अरे, मी फक्त सुरुवात करून दिली होती. तुम्ही मला चित्र दिलंत आणि शाळेचे पैसे बुडवलेत.”

इतर कागदांचंही थोड्याफार फरकाने तेच झालं. एका पैठणीच्या कागदावर एका काकूंचं नाव होतं. त्यांच्या जावेला ती पैठणी हवी होती, ती रात्रभर कागदाजवळ घुटमळली आणि शेवटी घरी गेली. एका कागदावर एकाच सोसायटीतल्या दोघांनी लिहिलं. दोघांच्या बायका एकमेकींशी बोलेनाशा होतील या भीतीने तिसऱ्या ओळीनंतर दोघंही थांबले. आमची मैत्रीण अमेरिकेतून विचारत होती, ‘लोक आले नाहीत का?’ लोक भरपूर आले होते. भीडही त्यांच्याबरोबर आली होती.

आपण याला संकोच म्हणतो, पण त्यात थोडा हिशेबही असतो. २००५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात चार अर्थशास्त्रज्ञांचा एक लेख आला होता. चांगल्या कामासाठी पैसे उभे करायला नेहमीचा लिलाव हा फारसा चांगला मार्ग नाही, असं त्यांनी गणिताने दाखवलं. कारण साधं आहे. बाजारात दुसऱ्याने माझ्यापेक्षा जास्त बोली लावली तर माझं नुकसान होतं. शाळेच्या लिलावात दुसऱ्याने जास्त लावली तरी पैसे शाळेलाच जातात, म्हणजे मलाही समाधान. मग मी कशाला वर जाऊ? ‘घेऊ दे त्यांना, शाळेचंच भलं आहे’ हे वाक्य त्या रात्री मी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. ऐकायला फार उदार वाटतं. खिसा मात्र बंद राहतो. त्यात समोर नाव लिहिलेलं असलं की या हिशेबाला भिडेची जोड मिळते आणि कागद कोरा राहतो.

कुणी म्हणेल, मग उघड लिलावच करा की. हैदराबादला त्याचं वावडं नाही. आपल्या शहराच्या दक्षिणेकडच्या बालापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ साली पहिल्यांदा लिलावात निघाला तेव्हा ४५० रुपयांना गेला होता. २०२४ साली तोच २१ किलोचा लाडू ३० लाख १ हजारांना गेला, आणि २०२५ साली ३५ लाखांना. मधलं २०२० हे कोरोनाचं वर्ष सोडलं तर लिलाव चुकलेला नाही. पैसा गावाच्या कामाला लागतो, लाडू घेणारा तो नातेवाइकांत वाटतो, शेतात शिंपडतो. बंडलागुडा जागीरमधल्या एका बंगल्यांच्या वसाहतीत तर लाडवाची बोली आता कोटीच्या पुढे जाते आणि तीही सेवाकार्यासाठी. महात्मा गांधींनी तर उघड लिलावाचं शास्त्रच केलं होतं. मानपत्राची चौकट असो की चांदीची पेटी, मिळालेली भेट ते त्याच सभेत लिलावाला काढायचे आणि पैसे हरिजन निधीत टाकायचे. १९३३-३४ च्या त्या दौऱ्यात ते हैदराबादलाही येऊन गेले.

पण बालापूरच्या लिलावात नाव हेच बक्षीस असतं. ज्याने लाडू घेतला त्याचं नाव वर्षभर निघतं, आणि निघावं म्हणूनच तो घेतो. तिथे बोली लावणारे मोजके आणि तालेवार, बाकीचं गाव प्रेक्षक. शाळेच्या हॉलमध्ये मला हे नको होतं. आमच्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलांचे पालक आजूबाजूच्या दुकानांत काम करतात, कुणी रिक्षा चालवतं, कुणी रुग्णालयात वॉर्डात आहे. बऱ्याच जणांची घरची भाषा तेलुगू किंवा हिंदी. माईक हातात घेऊन कुणी ‘पन्नास हजार!’ म्हणायला लागलं की यांनी भिंतीला टेकून बघत बसायचं, असा कार्यक्रम शाळेचा असू शकत नाही. मूक लिलावात दोनशे रुपये लिहिणारा आणि वीस हजार लिहिणारा एकाच टेबलाशी, एकाच पेनने लिहितात. ही त्याची खरी खुबी आहे, आणि नावं उघडी ठेवली की ती खुबीच जाते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही एकच मोठा बदल केला. दारात येणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर दिला. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, दोऱ्याने गळ्यात घालायचं नाही, खिशात ठेवायचं. कागदावर नाव लिहिलेलं दिसलं तर ती ओळ रद्द. नंबर कुणाचा, हे एका वहीत, आणि ती वही दोन जणांकडे. आम्ही मुद्दाम शाळेशी काही नातं नसलेली बँकेतली दोन माणसं निवडली. सूचना मराठी, तेलुगू आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत लावल्या.

फरक पहिल्या वीस मिनिटांतच दिसला. लोक एकमेकांकडे न बघता लिहू लागले. एका जोडप्याला मीच शेवटी बाजूला घेऊन सांगितलं की लोणच्याच्या टोपलीसाठी तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध बोली लावताय. नवऱ्याने त्याचा नंबर घेतला होता, बायकोने तिचा, आणि टोपली दोघांनाही एकमेकांना भेट द्यायची होती. सांगायला नको होतं असं खजिनदार मला नंतर म्हणाले. ते बरोबर होते.

आता जरा व्यवहाराचं. सगळ्यात मोठी शिकवण वस्तूंबद्दलची आहे. पहिल्या वर्षी आम्ही डिनर सेट, भिंतीवरची घड्याळं, साड्या, मिक्सर असं पुष्कळ जमवलं होतं. लोकांनी प्रेमाने दिलं, पण ते उठलं नाही, किंवा निम्म्या किमतीत गेलं. कारण आपण कोठीत आहोत! कुठली साडी सुलतान बाजारात केवढ्याला मिळते, हे हॉलमधल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. ज्या वस्तूला बाजारभाव आहे तिथे आपलं घासाघिशीचं डोकं जागं होतं आणि आकडा तिथेच अडकतो. ज्याला बाजारात भावच नाही, ते वर जातं. एका काकूंनी ‘तुमच्या घरी येऊन पन्नास पुरणपोळ्या करून देईन, पुरण माझं’ असा कागद ठेवला होता. त्यावर सगळ्यात जास्त ओळी भरल्या. गचिबावली-कोंडापूरकडे राहायला गेलेल्या, सणाला पोळी विकत आणणाऱ्या घरांनी तिथे एकमेकांना हटू दिलं नाही. इतिहासाच्या बाईंनी एका रविवारी सकाळी दहा जणांना कोठी पायी दाखवायचं कबूल केलं. त्यात बडी चावडी, जुनी पुस्तकांची दुकानं, आणि जिच्यामुळे या भागाला कोठी म्हणतात ती रेसिडेन्सी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटसाठी ती बांधली गेली. १९४९ साली तिथे मुलींचं कॉलेज आलं आणि आपल्यातल्या कित्येकींच्या आया तिथेच शिकल्या. आपण रोज ज्या भिंतीवरून बसने गेलो तिच्या आत काय आहे, हे बघायला लोकांनी भरभरून बोली लावली. आणखी एका माजी विद्यार्थ्याने, जो आज डॉक्टर आहे, ‘दहावीच्या मुलाला जीवशास्त्राच्या चार शिकवण्या’ ठेवल्या. त्याला डॉक्टर होऊन पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे आधी तोच घाबरला होता.

पहिली किंमत फार वर ठेवू नका. वस्तूची जी किंमत मनात येईल तिच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी धरा. कोरा कागद सगळ्यांना घाबरवतो, दोन ओळी भरल्या की तिसरा येतो. वाढ किती करायची तो आकडा ठळक लिहा, नाही तर लोक दहा-दहा रुपयांनी खेळत बसतात. आकडे अक्षरांतही लिहायला लावा. आमच्याकडे एका कागदावर शेवटचं शून्य होतं की शाईचा डाग, यावर अर्धा तास गेला. पेनं दोऱ्याने टेबलाला बांधा, हेही आलं. शाळेतली पेनं कुठे जातात हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

वेळेचं गणित फार महत्त्वाचं. पहिल्या वर्षी आम्ही साडेसातला जेवण लावलं आणि साडेआठला लिलाव बंद ठेवला. मसालेभात सुटल्यावर टेबलांकडे कोण बघणार? दुसऱ्या वर्षी क्रम उलटा केला. बोली आधी, जेवण नंतर. शिवाय सगळी टेबलं एकाच वेळी बंद केली नाहीत. पहिलं साडेसातला, दुसरं पावणेआठला, तिसरं आठला. पहिल्या टेबलावर हरलेला माणूस दुसऱ्याकडे वळतो, कारण त्याने पैसे द्यायचं मनात ठरवलेलं असतं आणि ते खिशातच राहिलेले असतात. बंद करायच्या पाच मिनिटं आधी घंटा वाजवा. पैसे त्याच रात्री घ्या, यूपीआयचा कोड प्रत्येक टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘ती बोली तुमची होती ना?’ विचारणं दोघांनाही जड जातं. पहिल्याने माघार घेतली तर दुसऱ्या नंबरला विचारायचं, हेही आधीच लिहून ठेवा.

मोबाइलवर बोली लावायची सोय असलेली अ‍ॅप आता मिळतात. तरुण मंडळींनी तीच वापरू या म्हणून धरलं होतं. मी विरोध केला. शाळेच्या हॉलमध्ये शंभर माणसं खाली मान घालून फोन बघत उभी, हे दृश्य तर आपल्याला घरीच दिसतं. दूरच्या माजी विद्यार्थ्यांसाठी मात्र एक मुलगी फोन घेऊन बसवली. ती त्यांच्या वतीने नंबर लिहीत होती. तडजोड बरी चालली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण परदेशातले मित्र सढळ हाताने पैसे पाठवतात आणि शाळा अडचणीत येते. भारतीय पासपोर्ट असलेला मित्र अमेरिकेत राहत असला तरी त्याने आपल्या कमाईतून दिलेली देणगी शाळेला घेता येते. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी. त्याची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच आधी यावे लागतात. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्याच्या हैदराबादच्या भावाच्या खात्यावरून फिरवून घेऊ, असली युक्ती कुणी सुचवली तर अजिबात ऐकू नका. दुसरं, सवलतीच्या पावतीचं. लोणच्याची टोपली घेणाऱ्याला ‘८०जी’ची पावती हवी असते. टोपली ही विकत घेतलेली वस्तू आहे आणि देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेले पैसे. दोन्ही एकाच पावतीवर लिहू नका. शाळेच्या सीएला कार्यक्रमाच्या आधी विचारा, नंतर नव्हे. रोख दोन हजारांवरच्या देणगीला तर ती सवलत मिळतच नाही.

सोडतीची कल्पना दर वर्षी कुणीतरी काढतं. त्या चार अर्थशास्त्रज्ञांच्या मतेही सोडत लिलावापेक्षा जास्त पैसे आणते, कारण तिथे हरणाराही पैसे देतो. पण परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा शाळेने त्या वाटेला जाऊ नये. त्यांचं खरं म्हणणं मात्र मी मनात ठेवलं. लिलावात चोवीस वस्तू, चोवीस जिंकणारे, आणि उरलेली शंभर-दीडशे माणसं पैसे द्यायला आलेली असूनही रिकामी परत जातात. त्यांचं काय?

याचं उत्तर आपल्याच घरात होतं. पूर्वी रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ किंवा पीठ वेगळ्या डब्यात टाकायची पद्धत होती. महिनाअखेरीला तो डबा शाळेला, वसतिगृहाला जायचा. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच ती मूठ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मुलांची वसतिगृहं चालवली ती अशाच गावोगावच्या धान्यावर. कुणाच्या घरची मूठ मोठी, कुणाची लहान, हे डब्याला कळत नाही. मूक लिलाव अमेरिकेतून आला असेल, पण मूक देणं आपल्याकडे आधीपासून आहे. आम्ही दाराशी एक पितळी डबा ठेवला आणि शेजारी एक लांब यादी. एका वर्षाचं वर्तमानपत्र, एक खण कपाट, दहा पुस्तकांची बांधणी, सेवकाचा एका दिवसाचा पगार, असं. यादीत कुणीही खूण करावी, तिथे बोली नाही, हार-जीत नाही. डब्यात काय टाकलं ते कुणी बघत नाही. रात्री डबा उघडला तेव्हा त्यात दहाच्या नोटा होत्या, पाचशेच्या होत्या आणि एक बंद पाकीट होतं, ज्यावर फक्त ‘पुस्तकांसाठी’ असं तेलुगूत लिहिलं होतं.

शाळेसाठी हात पसरायचा म्हणजे कमीपणा, असं आपल्या पिढीला वाटतं. कोठीत राहून तसं वाटायचं खरं तर कारण नाही. निजामाच्या राज्यात दरबारी कामकाज उर्दूत, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच. मुलांना मराठीतून शिकवायचं तर लोकांनी स्वतः शाळा काढायची, आणि पदरमोड करून चालवायची. १९०७ साली इथे विवेक वर्धिनी सुरू झाली, तिच्यामागे केशवराव कोरटकरांसारखे वकील होते. पुढे त्यांच्या नावाने नारायणगुड्यात शाळा उभी राहिली. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने शंभरी ओलांडली आहे. यातलं काहीही एका श्रीमंत माणसाच्या चेकने झालेलं नाही. कुणी तरी दारोदार गेलं, वहीत नावं लिहिली, चार आणे, आठ आणे घेतले. आपण फक्त वहीतून नावं काढून तिथे नंबर घालतोय.

नावच हवं असणारी माणसंही असतात, आणि त्यात वाईट काही नाही. वडिलांच्या स्मरणार्थ कपाट द्यायचं असेल तर कपाटावर पाटी लागणारच. त्यासाठी वेगळा फलक करा. लिलावाच्या कागदावर मात्र नको.

शेवटची गोष्ट घंटेची. शाळेची जुनी पितळी घंटा विजेची घंटा आल्यापासून कार्यालयाच्या कोपऱ्यात पडून होती. आमच्यातल्या एकाने ती लिलावात काढू या म्हटलं आणि बैठकीत चांगलीच जुंपली. एक गट म्हणे, चांगले पैसे येतील. दुसरा म्हणे, उद्या जिना पण विका! शेवटी ठरलं ते असं, की घंटा विकायची नाही. जूनमध्ये शाळा उघडेल त्या सकाळी ती वाजवायचा मान फक्त लिलावात ठेवायचा. याची पहिली किंमत काय धरणार? म्हणून तेवढ्यापुरते आम्ही बंद लखोटे घेतले. निविदेसारखं, पण नियम वेगळा. सगळ्यात मोठा आकडा जिंकणार, पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याइतके द्यायचे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली ही पद्धत मांडली होती. त्यांना १९९६ साली नोबेल मिळालं. उगाच जास्त लिहून आपण मूर्ख ठरू, ही भीती यात उरत नाही. मनात जे असेल ते सरळ लिहायचं. आमचे खजिनदार हैराण. “मोठा आकडा हातात असताना लहान का घ्यायचा?” दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

लखोटे उघडले तेव्हा जिंकणारा नंबर एका माणसाचा नव्हताच. दहावीच्या एका जुन्या तुकडीने व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे गोळा करून एकच नंबर घेतला होता. खजिनदारांचा चेहरा बघून त्यांनी आपला पूर्ण आकडाच भरला. जूनच्या त्या सकाळी त्यातले सात जण आले, दोघं पुण्याहून. सुलतान बाजारच्या मेट्रो स्टेशनवरून चालत, नवे कपडे घालून. दोरी एक आणि हात सात. प्रत्येकाला वाजवायची होती, त्यामुळे घंटा थांबेचना. मुख्याध्यापिका हसत हात वर करून ‘पुरे, पुरे’ करत होत्या. आणि इतकी लांब घंटा ऐकून पाचवीच्या मुलांनी शाळा सुटली असं समजून दप्तरं उचलली आणि फाटकाकडे पळायला सुरुवात केली.